बोट टेकल्यापासून सौदा होईपर्यंत

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. मोबाइलच्या पडद्यावर एका शेअरचा भाव ४१२ रुपये ३० पैसे दिसत असतो. तुम्ही हजार शेअरच्या खरेदीची ऑर्डर टाकता. क्षणात निरोप येतो: ऑर्डर पूर्ण, सरासरी भाव ४१२ रुपये ९२ पैसे. ऑफिसातल्या सहकाऱ्याने त्याच सुमारास दुसऱ्या ब्रोकरच्या ॲपवरून तोच शेअर ४१२ रुपये ४० पैशांना घेतलेला असतो. आपले सहाशेहून जास्त रुपये कुठे गेले? मनात दोनच तर्क येतात. एक तर आपला ब्रोकर मंद आहे, नाहीतर मधल्या मधे कुणीतरी पैसे खाल्ले.

बहुतेक वेळा हे दोन्ही तर्क चुकतात. पण ते का चुकतात हे कळल्याशिवाय पुढची चूक टळत नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. २०२५ मध्ये ती २० कोटींच्या पुढे गेली. शेअर बाजारात नोंदणी झालेल्या गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. यातले बहुतेक लोक ब्रोकर निवडताना ‘कुणाचं ॲप फास्ट?’ एवढंच विचारतात. ऑर्डर किती वेगाने जाते, ती कोणत्या भावाला लागते आणि गर्दीच्या दिवशी ती जाते तरी का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकेक करून पाहू.

भावाचा जिना

पडद्यावर ठळक अक्षरांत दिसणारा भाव शेवटच्या सौद्याचा असतो. बाजारात त्याला एलटीपी म्हणतात. तो सौदा होऊन गेलेला असतो. त्याच भावाला आणखी कुणी विकायला तयार असेल, याची काहीच हमी नसते.

एक्स्चेंजच्या संगणकात प्रत्येक शेअरची एक ऑर्डर-वही असते. ती जिन्यासारखी आहे असं समजा. प्रत्येक पायरी म्हणजे एक भाव. खालच्या पायऱ्यांवर खरेदीदार उभे असतात, वरच्या पायऱ्यांवर विक्रेते, आणि दोघांच्या मधल्या पायऱ्या रिकाम्या. एका पायरीवर बरेच जण असतील तर आधी आलेला पुढे, नंतर आलेला मागे. सौदा कुणाचा आधी होणार हे दोन नियमांवर ठरतं: ज्याचा भाव समोरच्याला जास्त फायद्याचा तो आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी पोहोचली तो आधी. तुम्ही मोठे की लहान, मुंबईचे की गडचिरोलीचे, याला इथे काहीही किंमत नाही.

आता आपल्या उदाहरणातल्या शेअरचा जिना जवळून पाहू. त्या क्षणी वरच्या बाजूला विक्रेते असे उभे होते:

४१२.४० रुपये – १५० शेअर
४१२.६० रुपये – २०० शेअर
४१२.९० रुपये – ४०० शेअर
४१३.५० रुपये – ९०० शेअर

४१२.३०च्या पायरीवर आता विक्रेता नव्हताच. तिथला शेवटचा माणूस विकून गेला होता. तुम्ही ‘मार्केट ऑर्डर’ टाकलीत. तिचा अर्थ एवढाच, की मिळेल त्या भावाला हजार शेअर हवेत. एक्स्चेंजने पहिल्या पायरीवरचे १५० घेतले, मग दुसरीवरचे २००, तिसरीवरचे ४००, आणि उरलेले २५० चौथ्या पायरीवरून. एकूण बिल झालं ४,१२,९१५ रुपये. सरासरी निघते ४१२ रुपये साडेएक्क्याण्णव पैसे, जी ॲप ४१२.९२ अशी दाखवतं. पडद्यावरच्या भावापेक्षा ६१५ रुपये जास्त गेले. याला बाजारात ‘स्लिपेज’ म्हणतात.

सहकाऱ्याने शंभरच शेअर घेतले होते. त्याची ऑर्डर पहिल्याच पायरीवर भागली. दोघांच्या भावातला फरक ब्रोकरच्या वेगामुळे पडलेला नाही. तुमची मागणी मोठी होती आणि जिन्यावर विक्रेते विरळ होते, म्हणून तो पडला.

बहुतेक सवलतीचे ब्रोकर दिवसाच्या (इंट्राडे) सौद्यावर ऑर्डरमागे २० रुपयांच्या आसपास दलाली घेतात. ती पाच रुपयांनी कमी कुठे मिळेल, याचा शोध घेणारे लोक स्लिपेजचे ६१५ रुपये मोजतही नाहीत, कारण ते बिलात वेगळे दिसत नाहीत. ते भावात मिसळून गेलेले असतात.

तुम्ही ४१२.६०ची ‘लिमिट ऑर्डर’ टाकली असती तर? पहिल्या दोन पायऱ्यांवरचे ३५० शेअर मिळाले असते आणि उरलेल्या ६५० शेअरची तुमची मागणी ४१२.६०च्या पायरीवर उभी राहिली असती. कुणी त्या भावाला विकायला आला तर ती पुरी होणार, भाव वर निघून गेला तर राहून जाणार. म्हणजे मार्केट ऑर्डर सौद्याची जवळजवळ खात्री देते आणि भाव सोडून देते. लिमिट ऑर्डर भाव पक्का करते आणि सौद्याची खात्री सोडून देते. दोन्ही खात्री एकदम देणारी ऑर्डर कुठल्याच ब्रोकरकडे नाही, कारण ती बाजारातच नाही.

ऑर्डरचा प्रवास

आता वेगाकडे येऊ. नागपुरात बसून कुणीतरी ऑर्डर टाकली आहे. तिचा प्रवास असा होतो.

पहिला टप्पा मोबाइल ते ब्रोकर. ऑर्डर टॉवरवर जाते, तिथून केबलने ब्रोकरच्या सर्व्हरवर. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे नुसत्या अंतराला साडेतीन मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त. पण खरा वेळ जातो तो मोबाइल नेटवर्कमध्ये. चांगल्या फोर-जीवरही तिथे दोन आकडी मिलिसेकंद जातात, आणि गर्दीच्या लोकलमध्ये किंवा कमकुवत रेंजमध्ये शेकडो.

दुसरा टप्पा ब्रोकरच्या आतला. इथे दोन यंत्रणा असतात. एक ऑर्डरची नोंद ठेवते आणि ती पुढे नेते. दुसरी जोखीम तपासते. तिला बाजारात नुसतं ‘आरएमएस’ म्हणतात. खात्यात पैसे किंवा मार्जिन आहे का, विकायला काढलेले शेअर डीमॅटमध्ये आहेत का, टाकलेला भाव त्या दिवसाच्या मर्यादेत आहे का, संख्या चुकून एखादं शून्य जास्त तर नाही ना, हे ती बघते. ॲपच्या ऑर्डरबुकमध्ये ‘व्हॅलिडेशन पेंडिंग’ असं दिसतं ते इथे. ही तपासणी नुसता उपचार नाही. ५ ऑक्टोबर २०१२ला एका ब्रोकरकडून सुमारे ६५० कोटी रुपयांच्या चुकीच्या विक्री ऑर्डर गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत पंधरा टक्क्यांहून जास्त कोसळला. व्यवहार काही वेळ थांबवावे लागले. जिन्याच्या वरून खाली सगळ्या पायऱ्या एका झटक्यात रिकाम्या झाल्या, तर काय होतं ते त्या दिवशी दिसलं. तपासणी गाळून मिळवलेला वेग कुणालाच परवडणारा नाही.

तिसरा टप्पा ब्रोकर ते एक्स्चेंज. इथे खास भाड्याच्या लाइन असतात आणि प्रत्येक जोडणीवरून सेकंदाला ठरावीक संख्येनेच संदेश पाठवता येतात. एरवी ही मर्यादा जाणवत नाही. सव्वानऊला हजारो ग्राहकांच्या ऑर्डर एकदम आल्या की ब्रोकरने जोडण्या पुरेशा घेतल्या आहेत की नाही हे इथे उघडं पडतं.

चौथा टप्पा एक्स्चेंजच्या आतला. ऑर्डर जिन्यावर आपल्या पायरीवर जाऊन उभी राहते, किंवा समोर कुणी असेल तर सौदा होतो. हे काम मायक्रोसेकंदांत चालतं. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. बीएसई आपल्या यंत्रणेचा प्रतिसाद ६ मायक्रोसेकंदांचा असल्याचं सांगतं. मग उत्तर त्याच वाटेने परत येतं आणि पडद्यावर ‘ओपन’, ‘कम्प्लीट’ किंवा ‘रिजेक्टेड’ असं उमटतं.

आता बेरीज करा. सगळं सुरळीत असेल तर हा प्रवास शंभर-दोनशे मिलिसेकंदांत आटोपतो. भाव बदलल्याचं डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात. शिवाय ॲपवरचा भाव सतत वाहत येत नाही. सेकंदातून एकदा किंवा काही वेळा त्याचं चित्र पाठवलं जातं. म्हणजे जो भाव पाहून तुम्ही निर्णय घेता तो आधीच जुना असतो. एका ब्रोकरने आपल्या यंत्रणेतले २० मिलिसेकंद कमी केले, तर हाताने ऑर्डर टाकणाऱ्याला त्याचा फरक जाणवणार नाही.

मिलिसेकंदाचं मोल कुणाला?

तरीही बाजारात वेगासाठी प्रचंड पैसा ओतला जातो, आणि तो वाया जात नाही. तो खर्च करणारे वेगळे असतात. संगणकाच्या प्रोग्रॅमने सौदे करणाऱ्या संस्था आपले सर्व्हर एक्स्चेंजच्या आवारातच भाड्याच्या जागेत ठेवतात. याला ‘को-लोकेशन’ म्हणतात. एक किलोमीटर केबल ओलांडायला प्रकाशाला ५ मायक्रोसेकंद लागतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनएसईच्या इमारतीत बसलेल्याला तेवढाही प्रवास नाही. या संस्थांना प्रत्येक ऑर्डरची, प्रत्येक बदलाची खबर एकेक करून मिळते.

या शर्यतीत समान संधी राखणं अवघड असतं, हे एनएसईच्या को-लोकेशन प्रकरणात दिसलं. पूर्वीच्या पद्धतीत भावांची माहिती जोडलेल्या सभासदांना एकामागून एक जायची, त्यामुळे सकाळी आधी जोडला गेलेला पुढे राहू शकत होता. २०१५ मध्ये त्याबद्दल तक्रार झाली, एप्रिल २०१९ मध्ये बाजार नियामक सेबीने आदेश दिला, आणि अपिलात लवादाने २०२३ मध्ये त्यातला सहाशे कोटींहून अधिक रुपये परत करायला लावणारा भाग रद्द केला. पूर्वीच्या पद्धतीच्या जागी आता माहिती सगळ्यांना एकाच वेळी देण्याची पद्धत आली आहे.

या यंत्रांची ऑर्डर टाकण्याची क्षमता किती आहे याचा अंदाज एका दिवसावरून येतो. ४ जून २०२४ला लोकसभेचा निकाल लागला, बाजार जोरात आपटला, आणि दुसऱ्या दिवशी, ५ जूनला, एनएसईवर १९७१ कोटी ऑर्डर आल्या. बाजार सव्वासहा तास चालतो. म्हणजे सेकंदाला सरासरी पावणेनऊ लाख. त्यातून सौदे झाले सुमारे २८ कोटी. एका सौद्यामागे सत्तर ऑर्डर. ऑर्डर टाकायची, भाव सरकला की बदलायची, नाहीतर काढून घ्यायची, हा खेळ यंत्रं अव्याहत खेळतात. ॲपमध्ये हा जिना दाखवणारा डेप्थचा तक्ता तुम्ही उघडून पाहता तेव्हा त्यातल्या पायऱ्यांवरची माणसं तुम्ही वाचेपर्यंत बदललेली असतात.

या शर्यतीत सामान्य गुंतवणूकदाराने उतरायचं कारण नाही. जो पाच वर्षांसाठी शेअर घेतोय त्याला पाच मिलिसेकंदांनी काय फरक पडणार? त्याच्या हातात वेगापेक्षा कितीतरी प्रभावी गोष्ट आहे, ती म्हणजे आपला भाव सांगून थांबण्याची मोकळीक.

एक अपवाद लक्षात ठेवावा. शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, लागतो तेव्हा खरेदीदार सगळे एकाच पायरीवर जमतात आणि विक्रेते नसतात. तिथे भाव वाढवून पुढे जाता येत नाही, म्हणून वेळेचाच नियम उरतो. सकाळी रांगेत आधी लागलेल्याला थोडे शेअर मिळतात, बाकीच्यांना काहीच नाही.

पहिला पाव तास

बाजार उघडतानाच्या झटापटीवर एक्स्चेंजने स्वतःच एक उपाय ठेवलेला आहे, पण त्याचा वापर फार कमी लोक जाणीवपूर्वक करतात. सकाळी ९ ते ९:१५ हे ‘प्री-ओपन’ सत्र असतं. पहिल्या आठेक मिनिटांत ऑर्डर नुसत्या गोळा होतात. मग ज्या भावाला सर्वांत जास्त शेअरची देवाणघेवाण होऊ शकते असा एकच भाव काढला जातो आणि जुळणारे सगळे सौदे त्या एकाच भावाला होतात. ऑर्डर घेणं या टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात कुठल्याही क्षणी बंद होतं, म्हणून अखेरच्या क्षणी उडी मारण्यातही फायदा राहत नाही. रात्रीतून मोठी बातमी आली असेल आणि शेअर घ्यायचाच असेल, तर ९:१५च्या पहिल्या सेकंदाला मार्केट ऑर्डर टाकण्यापेक्षा ९:०३ला लिमिट ऑर्डर टाकणं केव्हाही शहाणपणाचं.

स्टॉपलॉस लावला, तरी तोटा जास्त का?

ही तक्रार दर पडझडीनंतर ऐकू येते. ५०० रुपयांचा शेअर, ४८०चा स्टॉपलॉस, आणि विकला गेला ४५५ला. इथेही जिनाच आठवा. स्टॉपलॉस ऑर्डर सुरुवातीला जिन्यावर नसतेच. ऑर्डरबुकमध्ये ती ‘ट्रिगर पेंडिंग’ दिसते. ४८० किंवा त्याखाली सौदा झाला की ती जागी होते आणि तेव्हा रांगेत येते. ‘एसएल-एम’ प्रकार असेल तर जागी झाल्यावर ती मार्केट ऑर्डर बनते. खालच्या पायऱ्यांवर खरेदीदार विरळ असतील, किंवा शेअर रात्रीच्या बातमीने थेट ४५५ला उघडला असेल, तर जो पहिला खरेदीदार भेटेल त्याचा भाव पदरात पडतो. ‘एसएल’ प्रकारात ट्रिगरबरोबर किमान भावही देता येतो. उदाहरणार्थ, ट्रिगर ४८० आणि भाव ४७७. मग ४७७च्या खाली विक्री होणार नाही. पण भाव त्याखाली निसटला तर शेअर तसाच हातात राहील. दोन्हींत धोका आहे. आपल्याला कोणता परवडतो हे आधी ठरवायचं. ऑप्शनमध्ये पायऱ्या अनेकदा फारच विरळ असतात. तिथे एसएल-एम ऑर्डरमुळे भलत्याच भावांना सौदे होऊ लागले, म्हणून एनएसईने २०२१ मध्ये ऑप्शनसाठी हा प्रकारच बंद केला.

जीटीटी नावाची सोयही नीट समजून घ्यावी. महिनोन् महिने उभी राहणारी ही ऑर्डर एक्स्चेंजच्या जिन्यावर कधीच उभी नसते. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर असते आणि भाव आला की ब्रोकरची यंत्रणा तुमच्या वतीने खरी ऑर्डर टाकते. नेमक्या त्या वेळी ब्रोकरची यंत्रणा बंद असेल, खात्यात पैसे नसतील किंवा भाव क्षणात निसटला, तर जीटीटी लावूनही काही होणार नाही. तिच्यावर विसंबून निश्चिंत राहणं बरोबर नाही.

गर्दीच्या दिवशी ॲप का लटकतं?

इथून भरवशाचा विषय सुरू होतो, आणि माझ्या मते ब्रोकर निवडताना हाच सर्वांत महत्त्वाचा. शांत दिवशी जवळजवळ सगळी ॲप सारखीच चालतात. कस लागतो तो बजेटच्या दिवशी, निकालाच्या दिवशी, एक्स्पायरीच्या दुपारी किंवा २३ मार्च २०२०सारख्या दिवशी. त्या सकाळी बाजार दहा टक्के कोसळून ४५ मिनिटं थांबवला गेला, आणि दिवसअखेर सेन्सेक्स १३ टक्क्यांहून जास्त खाली होता.

अशा दिवशी भार नुसता वाढत नाही, तो स्वतःलाच वाढवत नेतो. भाव हलू लागले की सगळे एकदम ॲप उघडतात. पडदा थोडा अडकला की लोक तेच बटण पुन्हा दाबतात, मग ॲप बंद करून उघडतात, मग लॉगआउट करून लॉगिन करतात. लॉगिन हे सर्व्हरच्या दृष्टीने जड काम असतं: ओळख पटवायची, ओटीपी पाठवायचा, होल्डिंग आणायचं, भावांचा प्रवाह जोडायचा. म्हणजे यंत्रणा थकलेली असताना तिच्यावर आणखी जड काम येऊन पडतं, ती आणखी अडकते, आणि आणखी लोक लॉगआउट करतात. म्हणून पडझडीच्या दिवशी चालू असलेलं लॉगिन सोडू नये.

सगळ्यात मोठा तोटा होतो तो एका गैरसमजातून. पडद्यावर उत्तर आलं नाही, म्हणजे ऑर्डर गेली नाही, असं लोक धरून चालतात. ऑर्डर जाताना वाट मोकळी असेल आणि उत्तर येताना ती तुंबली असेल, तर सौदा झालेला असतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. तुम्ही पुन्हा विक्री टाकता. दिवसाच्या सौद्यात याचा अर्थ असा, की पहिल्या विक्रीने सौदा संपला आणि दुसऱ्या विक्रीने उलट्या दिशेचा नवा सौदा उभा राहिला. अशा वेळी दुसरी ऑर्डर टाकण्याआधी ऑर्डरबुक आणि पोझिशनचा पडदा ताजा करून पाहायचा. तोही उघडत नसेल तर ब्रोकरच्या वेबसाइटवरून पाहायचा, आणि तेही जमत नसेल तर ब्रोकरच्या डीलरला फोन करून पहिल्या ऑर्डरची स्थिती आधी विचारायची.

एक्स्चेंजच थांबलं तर

कधी कधी ब्रोकरचा काहीच दोष नसतो. २४ फेब्रुवारी २०२१ला दूरसंचार जोडण्यांच्या बिघाडामुळे एनएसईची जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली आणि ११:४०ला व्यवहार थांबले. बीएसई चालू होतं. एनएसई पुन्हा सुरू होणार की नाही हे दुपारपर्यंत कळत नव्हतं, म्हणून बऱ्याच ब्रोकरनी ग्राहकांचे दिवसाचे सौदे बीएसईवर कापले, म्हणजे उलटा सौदा करून बंद केले. त्यानंतर एनएसईने ३:४५ला बाजार उघडून ५ वाजेपर्यंत चालवला. त्या दिवशी अनेकांचे सौदे नको त्या भावाला कापले गेले.

एका बाजारातला सौदा दुसऱ्या बाजारात संपवता येण्याची सोय २०१९ पासून होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने पुढचं पाऊल टाकलं: एका एक्स्चेंजमध्ये बिघाड झाला तर दुसऱ्याने पर्यायी ठिकाण म्हणून उभं राहायचं. ही व्यवस्था १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. आपण ज्या शेअरमध्ये आहोत तो दोन्हीकडे नोंदलेला आहे का, आणि ॲपमध्ये बीएसईचा भाव कुठे दिसतो, हे शांत दिवशी पाहून ठेवावं.

नियम काय सांगतात?

ब्रोकरच्या बिघाडांसाठी सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र चौकट आणली. सलग पाच मिनिटं किंवा जास्त वेळ यंत्रणा बंद राहिली, मंद झाली किंवा चुकीची वागली, तर तो ‘तांत्रिक बिघाड’ धरून तासाभरात एक्स्चेंजला कळवावा, असं तेव्हा त्यात ठरवलं होतं. यंत्रणेची क्षमता आजवरच्या सर्वाधिक भाराच्या किमान दीडपट ठेवावी, असंही त्यात सांगितलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘इन्व्हेस्टर रिस्क रिडक्शन ॲक्सेस’ नावाचा आपत्कालीन दरवाजा सुरू झाला. ब्रोकरची मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या, तर ग्राहकाला एक्स्चेंजच्या या मंचावरून उघडे सौदे बंद करता येतात आणि प्रलंबित ऑर्डर रद्द करता येतात. नवा सौदा मात्र करता येत नाही. त्याची लिंक नोंदवलेल्या मोबाइल आणि ई-मेलवर येते, म्हणून खात्यातला नंबर जुना ठेवू नका.

कुणी पैसे खाल्ले का, हे तपासता येतं

दलाल स्ट्रीटच्या रिंगणात आरडाओरड करून सौदे व्हायचे तेव्हा सोलापूरच्या ग्राहकाला संध्याकाळी फोनवर जो भाव सांगितला जाई तो मानावा लागे. सौदा नेमका किती वाजता, कोणत्या भावाला झाला, हे पडताळायचा मार्गच नव्हता. ३ नोव्हेंबर १९९४ला एनएसईवर शेअरचे पडद्यावरचे सौदे सुरू झाले, मार्च १९९५ मध्ये बीएसईने ‘बोल्ट’ आणलं, आणि प्रत्येक सौद्याला क्रमांक व वेळ मिळाली.

भारतात ब्रोकरला तुमची ऑर्डर एक्स्चेंजवरच न्यावी लागते. अमेरिकेत लहान ग्राहकांच्या ऑर्डर मोठ्या व्यापारी संस्थांकडे वळवून त्याबद्दल पैसे घेण्याची जी पद्धत आहे, ती आपल्याकडे नाही. कॉन्ट्रॅक्ट नोटवर ऑर्डर क्रमांक, सौदा क्रमांक, ऑर्डरची वेळ आणि सौद्याची वेळ छापलेली असते. तो सौदा एक्स्चेंजच्या वेबसाइटवरच्या ‘ट्रेड व्हेरिफिकेशन’मध्ये ताडून पाहता येतो.

ब्रोकर खरोखर मंद आहे का, हेही कळतं. बऱ्याच ॲपमध्ये ऑर्डरच्या तपशिलात दोन वेळा असतात: ब्रोकरकडे ऑर्डर आली ती, आणि एक्स्चेंजवर नोंदली गेली ती. एरवी दोन्हींत सेकंदाचाही फरक नसतो. गर्दीच्या दिवशी तो पुन्हा पुन्हा कित्येक सेकंदांवर जात असेल, तर ब्रोकर बदलण्याला तेवढं कारण पुरेसं आहे. ब्रोकरांविरुद्ध आलेल्या तक्रारींची आकडेवारी एक्स्चेंजच्या वेबसाइटवर असते. ती ग्राहकसंख्येच्या प्रमाणात वाचावी. बिघाडामुळे नुकसान झालं असेल तर पडद्याचा फोटो, ऑर्डर क्रमांक आणि वेळ त्याच क्षणी जपून ठेवावी, ब्रोकरकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार मंचावर जावं.

बाजारातला वेग विकत घेण्याची ताकद मोजक्या संस्थांकडे आहे आणि ती त्यांच्याकडेच राहणार. लहान गुंतवणूकदाराचं बळ तयारीत आहे. भावाची मर्यादा, मोठ्या ऑर्डरचे तुकडे, दुसऱ्या ब्रोकरकडचं चालू खातं आणि डीलरचा नंबर, एवढ्या गोष्टी शांत दिवशी अर्ध्या तासात उभ्या करता येतात. पडझडीच्या सकाळी त्या उभ्या करायला कुणालाही वेळ मिळत नाही.

थोडक्यात

• पडद्यावरचा भाव शेवटच्या सौद्याचा असतो. तुमचा भाव समोर किती शेअर उभे आहेत यावर ठरतो.
• ऑर्डर टाकण्याआधी डेप्थमधल्या पहिल्या पाच पायऱ्या पाहा. संख्या मोठी असेल तर तुकडे करा.
• घाई नसेल तेव्हा लिमिट ऑर्डर वापरा. उघडण्याच्या पहिल्या क्षणांत मार्केट ऑर्डर टाळा.
• हाताने ऑर्डर टाकणाऱ्याला काही मिलिसेकंदांनी फरक पडत नाही. गर्दीच्या दिवशी यंत्रणा टिकते का, हे पाहून ब्रोकर निवडा.
• स्टॉपलॉस म्हणजे भावाची हमी नव्हे. जीटीटी ब्रोकरच्या सर्व्हरवर असते, एक्स्चेंजवर नव्हे.
• उत्तर आलं नाही तर पुन्हा बटण दाबू नका; आधी ऑर्डरबुक पाहा.
• एकाच ब्रोकरवर आणि एकाच इंटरनेट जोडणीवर सगळा भार टाकू नका.